मदत हवी आहे : धंदा चालू ठेवून वर्षभर बाजूला व्हायचं आहे

खडूफळा
नमस्कार. लांबण लावत नाही. १६ वर्षं स्वतःचा व्यवसाय आहे, तोट्यात नाही. मला दहा महिने ते एक वर्ष पूर्ण बाजूला व्हायचं आहे. विकायचा नाही, बंदही करायचा नाही, परत यायचं आहे. 'मॅनेजर नेमा' हे कृपया सांगू नका, दोनदा करून झालंय. प्रश्न एवढाच की मी नसताना रोजचं काम चालायचं कसं? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनीच लिहा. जरा घाई आहे.

कोपऱ्यावरचा
कसला व्यवसाय? माणसं किती? भागीदार? कर्ज? 'डॉक्टर, दुखतंय, गोळी द्या' असं झालं हे. कुठे दुखतंय ते तरी सांगा राव.

दमदार
चांगला मॅनेजर नेमा. सगळे प्रश्न सुटतील.

खडूफळा
@दमदार, वाचलंत का वर?
@कोपऱ्यावरचा, छपाई आणि पुठ्ठ्याची खोकी. ११ माणसं. पण त्याने उत्तर बदलतं का?

कोपऱ्यावरचा
बदलतं म्हणजे काय! छपाईत मशीन बंद राहिलं तरी हप्ता चालू राहतो. सल्लागाराचं काम असेल तर कुलूप लावून जाता येतं. कर्ज आहे का, भागीदार आहे का, हे अजून सांगितलं नाहीत.

पानगळ
कुलूप लावूनही जाता येतं की. न्यूयॉर्कचा ग्राफिक डिझायनर स्टीफन सॅगमायस्टर दर सात वर्षांनी आपला स्टुडिओ वर्षभर चक्क बंद ठेवतो. ग्राहकांना आधीच सांगून टाकतो. निवृत्तीच्या वर्षांतली पाच वर्षं उचलून कामाच्या वर्षांत मध्ये मध्ये पेरायची, असा त्याचा हिशोब. गंमत म्हणजे पहिल्या सुट्टीत काही ठरवलंच नव्हतं, तर कोणी काही मागितलं की ते करत बसला. स्वतःचाच शिकाऊ नोकर झालो होतो, असं तो सांगतो. मग तासांचं वेळापत्रक केलं तेव्हा गाडी रुळावर आली. तेव्हा खडूफळा, तुम्ही वर्षभर करणार काय, ते आधी ठरवा.

खडूफळा
मी काय करणार हा प्रश्नच नाहीये. आणि त्याच्याकडे इनमीन चार माणसं असतील, माझ्याकडे ११ घरं चालतात. कुलूप नाही लावता येत.

शब्दकिडा
अवांतर : अशा सुट्टीला 'सबॅटिकल' म्हणतात ते हिब्रू 'शब्बात'वरून. सातव्या वर्षी जमीन पड ठेवायची, असा ज्यूंच्या धर्मग्रंथात नियम आहे. विद्यापीठांत हे हार्वर्डने १८८० साली सुरू केलं, सात वर्षांनी प्राध्यापकाला एक वर्ष.

नांगरट
पड टाकलेल्या जमिनीत तण माजतं हे ग्रंथात लिहायचं राहिलं वाटतं. प्राध्यापक गेला तर दुसरा प्राध्यापक तास घेतो, पगार विद्यापीठ देतं. मालकाला पगार कोण देणार?

विकून_मोकळा
माझं ऐका साहेब, विका. मी विकला. 'परत यायचं आहे' हा मोह असतो. वर्षाने परत याल तेव्हा तो धंदा तुमचा राहिलेला नसतो, माणसं दुसऱ्याच कोणाचं ऐकायला लागलेली असतात. आज चालू स्थितीत किंमत येते, तुम्ही गेल्यावर पडलेल्या धंद्याला भंगाराचा भाव येतो.

खडूफळा
साहेब नाही, बाई आहे मी. विकायचा नाही हे पहिल्याच परिच्छेदात आहे.

विकून_मोकळा
माफ करा ताई. पण विचार करा.

जुनी_शाई
खडूफळा ताई, मी केलंय, म्हणून लिहितो. माझाही छापखानाच. आजारपणामुळे सात महिने बाहेर होतो, ठरवून नाही. काय कोसळेल असं वाटत होतं? मशीन, माणसं, पैसे. त्यातलं काहीच कोसळलं नाही. मशीनवाले माझ्यापेक्षा हुशार निघाले. गेलं ते वेगळंच. तिसऱ्या महिन्यात एक जुना ग्राहक गेला, कारण पूर्वी भाव त्याच दिवशी मिळायचा, आता चौथ्या दिवशी मिळायला लागला. भाव काढणं हे माझ्या डोक्यात होतं आणि मी पलंगावर होतो. त्याच्या मागोमाग अजून दोघं. कामाचा दर्जा तोच, उशीर फक्त कोटेशनला.
तर मला एवढंच सांगा, तुमच्याकडे भाव कोण काढतं?

खडूफळा
मीच. अजून कोण काढणार? ग्राहक खोक्याचा नमुना देतो, मी अंगठा आणि बोटात पुठ्ठा धरून सांगते ३०० जीएसएम आहे की ३५०. मग एका शीटवर किती बसतील, धार (पुठ्ठ्यातले तंतू) कुठल्या दिशेला, वाया किती जाईल, की झालं. पाच मिनिटांचं काम आहे.

जुनी_शाई
झालं. हाच तुमचा आजार. तुमच्यासाठी पाच मिनिटं, बाकी सगळ्यांसाठी काळी विद्या.

कात्री
मध्येच बोलतो, पण बोटाने जीएसएम कळत नाही हो. बोटाला कळते ती जाडी. जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. फुगीर बोर्ड आणि दाबलेला बोर्ड, दोन्ही ३०० चे असले तरी जाडी वेगळी लागते. १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापा, ग्रॅममध्ये तोला, १०० ने गुणा. तीन ग्रॅम भरला तर ३००. पोरगंही करेल.

खडूफळा
१६ वर्षांत माझं बोट क्वचितच चुकलंय.

कात्री
बोट वर्षभर कारखान्यात ठेवून जाणार असाल तर हरकत नाही.

नांगरट
😂😂

ढगातला
हे सगळं सॉफ्टवेअरवर टाका. कोटेशन, स्टॉक, हजेरी, बिलं, सगळं क्लाउडवर. कुठूनही मोबाइलवर दिसेल. मी अशाच प्रणाली बसवून देतो, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

जुनी_शाई
कुठूनही मोबाइलवर दिसलं की सुट्टी कसली? आणि प्रणालीत आकडे भरणार कोण? वाया किती जाणार याचा एकच टक्का लावून ठेवतात ही मंडळी. मशीन जमवायला लागणाऱ्या शीट २०० नगांना जेवढ्या, साधारण तेवढ्याच २०,००० नगांना. एकच टक्का लावला की छोट्या कामात बुडता आणि मोठ्या कामात महाग पडता.

ढगातला
आमच्या प्रणालीत नगांच्या संख्येप्रमाणे स्लॅब आहेत. पाहिल्याशिवाय बोलू नका.

कोपऱ्यावरचा
जाहिरात बास. ताई, भागीदार?

खडूफळा
आहे. धाकटे दीर. ३० टक्के त्यांचे. बाहेरचं बघतात, माल पोचवणं, वसुली वगैरे. चेकवर सही दोघांचीही चालते. ते सांगायचं राहिलं.

कोपऱ्यावरचा
राहिलं!! तीस टक्क्यांचा जिवंत माणूस 'राहिला'!

ताळेबंद
आता खरं बोलता येईल. माझं काम हिशोब तपासण्याचं आहे, अशा सुट्ट्या फसताना पाहिल्यात. मोठ्या गोष्टींवर नाही, फालतू गोष्टींवर फसतात. बँकेचा ओटीपी कोणाच्या फोनवर येतो? कागदाच्या व्यापाऱ्याकडची उधारीची मर्यादा कोणाच्या शब्दावर आहे? कर्जाला वैयक्तिक हमी कोणाची? सहीचा अधिकार देताना सरसकट मुखत्यारपत्र देऊन मोकळं होऊ नका, ठरावीक कामांपुरतं आणि मुदत घालून द्या. एका रकमेच्या वर दोन सह्या, खाली एक. आणि दिरांनी कोणता निर्णय न विचारता घ्यायचा ते आकड्यात लिहा. 'मोठा खर्च असेल तर विचारा' याला अर्थ नाही, तुमचं मोठं आणि त्यांचं मोठं वेगळं असतं.
भागीदारीच्या करारात कामाचा मोबदला तुम्ही घेत असाल तर वर्षभर तो कोणाला, हेही आत्ताच बोला. घरात हा विषय परत आल्यावर निघाला की वाईट निघतो.

खडूफळा
ओटीपी माझ्या फोनवर. 😐

पानगळ
थकवा हा मूळ मुद्दा दिसतोय. 'बर्नआउट' हा शब्द या अर्थाने हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली वापरला आणि २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याची सविस्तर व्याख्या दिली. आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून. रोज सकाळी चालणं, स्क्रीन कमी, झोप...

खडूफळा
पानगळ ताई, चालते मी. झोपते मी. कारण विचारूच नका म्हणत होते, पण सांगते. मागच्या महिन्यात एका ग्राहकाने स्वतःहून मोठं काम दिलं. आगाऊ रक्कम, घाई नाही, घासाघीस नाही. फोन ठेवला आणि मला राग आला. त्याच्यावर. मी खुर्चीत बसून विचार करत राहिले की हा का फोन करतो मला. त्या दिवशी ठरवलं.

पानगळ
🙏

विकून_मोकळा
माझंही नेमकं असंच सुरू झालं होतं. म्हणून म्हणतोय, विका.

जुनी_शाई
तुम्ही विकून सुखी आहात, चांगलं आहे. त्यांना परत यायचंय. प्रत्येकाला तुमच्याच दारातून बाहेर पडायला का लावता?

विकून_मोकळा
अनुभव सांगितला. अनुभवच मागितला होता ना?

नांगरट
ॲपल बघा. स्टीव्ह जॉब्स २००९ मध्ये सुट्टीवर गेला, टिम कुकने कंपनी चालवली, काही बिघडलं नाही.

ताळेबंद
उदाहरण अर्धंच सांगताय. २००४ मध्ये जॉब्सच्या शस्त्रक्रियेच्या वेळी कुकने दोनेक महिने कारभार पाहिलाच होता. २००५ पासून तो रोजच्या कामकाजाचा प्रमुख होता. मग २००९ ची सहा महिन्यांची रजा. आधी दोन महिने, मग सहा. थेट एक वर्ष कोणी जात नाही.

नांगरट
आणि २०११ ला परत आलाच नाही, ते?

ताळेबंद
आजारी माणसावर विनोद नको.

जुनी_शाई
ताई, मी काय करीन ते सांगतो. मागची वीस झालेली कामं काढा, भाव झाका. दिरांना आणि तुमच्या मशीनवरच्या जाणत्या माणसाला वेगवेगळे भाव काढायला लावा. मग ताडून बघा. पाचेक टक्क्यांच्या आत आले तर ते शिकलेत. नाही आले तर काय चुकलं ते लिहून काढा, तीच तुमची वही. तोवर चार दिवस फोन घरी ठेवून कोणाला तरी लिहायला सांगा, कोणी कशासाठी केला. निघायचं कधी ठरलंय?

खडूफळा
तीन आठवड्यांनी.

कोपऱ्यावरचा
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं!!!

दमदार
तीन आठवड्यांत मॅनेजर मिळतो. जाहिरात द्या.

*(साधारण नऊ दिवसांनी)*

खडूफळा
काय झालं ते सांगते, बऱ्याच जणांनी वेळ दिलात म्हणून. चार दिवस फोन मुलीकडे दिला, तिने वहीत टिपलं. ३१ फोन. त्यातले १९ 'भाव काय सांगू'. पाच ओटीपी. चार 'हा कागद चालेल का'. दोन फोन दोन ऑपरेटरच्या भांडणाचे, पंखा कोणाकडे वळवायचा म्हणून. एक राँग नंबर. मशीन बिघडल्याचा एकही नाही. जुनी_शाई, तुम्ही म्हणालात तसंच.

ओटीपीचं काम दिरांच्या नंबरवर केलं, ते अर्ध्या दिवसात झालं. इतकी वर्षं का केलं नव्हतं कोण जाणे.

मग वीस कामं. जाणता माणूस 'माझं काम नाही' म्हणून बसलाच नाही. दिरांनी काढले. १३ पाच टक्क्यांच्या आत. तीन भलतेच चढे, छोटी कामं होती, उलट घाबरून जास्त वाया धरलं. चार कमी. त्यातल्या तीन ठिकाणी पुठ्ठ्याची धार उलटी धरून शीटवर जास्त नग बसवले, घडीला फुटलं असतं ते. समजावलं, समजलं.

चौथ्यावर मात्र अडलो. दिरांचा भाव बरोबर होता. कागद बरोबर, वाया बरोबर, डाय (खोकं कापायचा साचा) बरोबर. माझाच भाव नऊ टक्के जास्त होता आणि मला सांगता येईना का. रात्री आठवलं. तो ग्राहक प्रूफ (छपाईआधीचा नमुना) मंजूर करतो आणि छपाईची प्लेट झाल्यावर अक्षर बदलायला सांगतो. दर वेळी. मी त्याचा त्रास-भत्ता लावत आलेय, बहुतेक सात-आठ वर्षं, कुठेही न लिहिता. मग बसून आठवलं तर असे सहा ग्राहक निघाले. दोघांना उलटी सूट निघाली, माझ्या अडचणीच्या वेळी त्यांनी पैसे आधी दिले होते म्हणून. तेही कुठे लिहिलेलं नाही. दीर म्हणाले, वहिनी, हे मला कसं कळणार होतं?

निघणं सात आठवडे पुढे ढकललंय. आधी दोन आठवडे जाऊन येणार, मग वर्षाचं बघू. मला आवडलेलं नाही, पण ठीक आहे.

कात्री
आणि पुठ्ठा? तोलताय ना?

खडूफळा
वजनकाटा आणलाय. ३०० म्हटलेला एक बोर्ड २८० निघाला. एकच.

ढगातला
त्रास-भत्ता आमच्या प्रणालीत ग्राहकवार टाकता येतो.

दमदार
म्हणजे दीर मॅनेजर झाले. मी पहिल्या दिवसापासून तेच सांगत होतो.

कोपऱ्यावरचा
ताई, कर्ज आहे का ते अजूनही सांगितलं नाहीत.