रुग्णालयातून सोडलेला बेघर माणूस जातो कुठे?

तिसवाडीकर
गोव्यात बेघर माणसावर उपचार होतात. १०८ येते, गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) किंवा जिल्हा रुग्णालय दाखल करून घेतं. माझा प्रश्न डिस्चार्जनंतरचा आहे.

आमच्या बाजारात दुकानाच्या ओट्यावर झोपणारे एक आजोबा आहेत. मधुमेहापायी पायाची दोन बोटं काढावी लागली. सोडताना हातात कार्ड दिलं: रोज ड्रेसिंग, पाय कोरडा ठेवा, जेवणाआधी दोन वेळा इन्सुलिन. दिवस जुलैचे, ओट्यावर पागोळ्यांचं पाणी. जेवणाचाच पत्ता नाही तर जेवणाआधीचं इन्सुलिन घ्यायचं कसं? घेऊन उपाशी राहिलं तर साखर उतरून माणूस जागीच कोसळतो. आजोबा पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून बसत. आत पट्टी कुजली. पुन्हा दाखल केलं तेव्हा घोट्याच्या वरून पाय कापला.

उत्तर आणि दक्षिण गोव्यात निदान एकेक जागा हवी, जिथे असा माणूस जखम भरेपर्यंत राहील. नर्स, फ्रिज, कोरडी खाट, जेवण. दाखल करताना कागदपत्रं मागू नयेत.

बार्देशकर
माझा विरोध आहे. २०१८ पासून गोमेकॉत बिगरगोमंतकीयांना शुल्क लावावं लागलं, ते काही हौसेने नाही. राज्याच्या दीनदयाळ आरोग्य विमा योजनेला पाच वर्षांच्या वास्तव्याची अट आहे, तीही विचार करूनच ठेवली. कागद न मागता फुकट खाटा दिल्या की बाहेरचे लोक आपले नकोसे झालेले रुग्ण मडगाव स्टेशनवर आणून सोडतील. आमच्या वाड्यावर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या आहेत, मुलं आखातात नाहीतर इंग्लंडात. त्यांचं ड्रेसिंग करायला कोण येतं? आधी त्यांचं बघा.

वॉर्डातली नर्स
बार्देशकर भाऊ, खर्चाचंच बोलू. बरा झालेला बेवारस रुग्ण न्यायला कोणी नाही म्हणून वॉर्डात पडून राहतो, तेव्हा ती खाट तुमच्या वाड्यावरच्या म्हातारीला मिळत नाही. आणि पदपथावर सोडला, तर तो जास्त बिघडून परत येतो. मग ऑपरेशन, रक्त, आयसीयू. रोजची पट्टी याच्यापुढे काहीच नाही.

क्षयाचं तर विचारू नका. साधा क्षय असला तरी सहा महिने गोळ्या, पहिले दोन महिने चार औषधं, पुढे तीन. गोळ्या फुकट आहेत. पण बसस्थानकावर झोपणाऱ्याची पिशवी चोरीला जाते, गोळ्याही जातात. मध्येच उपचार तुटले की औषधांना दाद न देणारा क्षय होऊ शकतो, आणि खोकणाऱ्याच्या शेजारी बाकावर म्हापशाची बस धरायला आलेला गोंयकारच बसलेला असतो. क्षयरुग्णाला सकस खाण्यासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. पण पैसे जमा होतात बँक खात्यात. ज्याच्याकडे आधार कार्ड नाही, पासबुक नाही, नीट पोसायची खरी गरज असलेला तो माणूसच मागे राहतो.

मडगावचा दुकानदार
रोज सकाळी शटर उघडण्याआधी ओटा मी धुतो, म्हणून बोलतो. दया मलाही येते, चहा-पाव देतो. पण कित्येकजण दारूच्या आहारी गेलेले आहेत. एकाला उचलून नेलं, तो संध्याकाळी परत हजर. काहीजण स्वतःशीच बोलतात, कधी अंगावर येतात. पोलिसांना सांगावं तर म्हणतात, गुन्हा काय? यांना तुमच्या जागेत थांबवून कोण ठेवणार?

कायदा वाचलेली
दादा, गुन्हा लागतच नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम १०० पोलिसांवरच जबाबदारी टाकतं. स्वतःची काळजी घेऊ न शकणारा, मनोरुग्ण वाटणारा कोणी भटकताना दिसला तर त्याला संरक्षणात घ्यायचं, २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचं आणि तो बेघर असेल तर बेपत्ता व्यक्ती म्हणून नोंद करायची. कलम १८ प्रमाणे बेघराला सरकारी संस्थेत मानसिक उपचार मोफत आहेत, दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो. लोकांनी कलमाचा आकडा सांगून बोलायला हवं, नुसतं ‘वेडा आहे, घेऊन जा’ असं नाही.

पायाला जखम झालेल्याला मात्र जबरदस्तीने डांबता येत नाही, तेही योग्यच. आणि दारू हाही आजारच आहे. दारू अचानक तुटली की हात थरथरतात, काहींना फिटही येते. तो माणूस पळाला की शरीराने त्याला गुत्त्याकडे ओढलं, हे तरी बघा.

बार्देशकर
मनोरुग्णांचं मान्य, कायदाच आहे. पण मग कर्जतच्या श्रद्धा फाऊंडेशनसारखं करा. डॉ. भरत वाटवानींना २०१८ चा मॅगसेसे मिळाला, त्यांची संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून त्यांच्या घरी पोचवते. बरे करा आणि ज्याच्या-त्याच्या राज्यात पाठवा. कायमचा मुक्काम गोव्याच्या करदात्याच्या माथी नको.

तिसवाडीकर
घरी पोचवायला माझी ना नाही. पण पू वाहणाऱ्या पायाने कोणाला गाडीत बसवणार? आधी बरं करायला जागा लागते, आणि मी तेवढीच मागतोय. घरच नसलं तर पुढे काय, यावर आपलं जुळणार नाही, ते राहू दे.

आणखी एक. शहरी लोकसंख्येच्या दर लाखामागे बेघरांसाठी एक निवारा, असा नियम आहे. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या एकाही पालिकेची लोकसंख्या लाखभर नव्हती. पालिकेगणिक मोजलं तर गोव्याच्या वाट्याला शून्य येतो. पण राज्याची शहरी लोकसंख्या तेव्हाच नऊ लाखांवर होती. राज्य धरून मोजा, नऊ निवारे येतात. त्यांतले दोन आजाऱ्यांसाठी ठेवा.

मडगावचा दुकानदार
आणि रात्री कोण असणार? दिवसा सगळेच येतात.

वॉर्डातली नर्स
रात्री एक मदतनीस आणि फोनवर डॉक्टर, दहा खाटांना तेवढं पुरतं. ड्रेसिंग सकाळी. इन्सुलिन जेवणाच्या ताटाबरोबर, म्हणजे उपाशीपोटी कोणी टोचून घेणार नाही. क्षयाच्या रुग्णाला मात्र या खोलीत ठेवायचं नाही, त्याला वेगळी, खिडक्या असलेली खोली हवी. दारूवाल्यांना आधी मनोविकार विभागात दाखवूनच इथे आणायचं.