विचित्र हार्डवेअर: कर्नलच्या साच्यात बसवायचं की वेगळं डिव्हाइस करायचं?

भोसरीचा_बोल्ट:
भोसरी एमआयडीसीत स्प्रिंग तपासायचं मशीन बनवतोय. कार्ड एकच, त्यावर लोडसेल (भार मोजतो), रोटरी एन्कोडर (फिरणं मोजतो) आणि भार मर्यादेबाहेर गेला की मोटर थांबवणारी लाइन. लिनक्सच्या कर्नलसाठी (गाभ्यासाठी) त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा कोड, कसा लिहायचा यावरून ऑफिसात दोन तट पडलेत. आमचे सीनियर म्हणतात, लोडसेल आयआयओत (सेन्सरच्या मोजमापांचा कर्नलमधला तयार साचा) घाल, एन्कोडर काउंटर सबसिस्टिममध्ये (मोजणीचा साचा), लाइन जीपीआयओत (साध्या चालू-बंद पिनांचा साचा). मला हे पटत नाही. भार किती आणि स्प्रिंग किती दबली हे एकाच क्षणाचं मिळालं तरच स्प्रिंगचा आलेख खरा. तीन ठिकाणांहून आणले की वेळ जुळवायचं झेंगट अ‍ॅप्लिकेशनच्या गळ्यात. त्यापेक्षा एक कॅरेक्टर डिव्हाइस (प्रोग्रामने उघडायची कर्नलची फाइल), चार आयओसीटीएल (तिच्यावर चालणाऱ्या आपल्या खास आज्ञा), बाकी सगळं आमच्या लायब्ररीत. बोला.

कट्ट्यावरचा_कर्नल:
सीनियरांचं ऐका. युजरस्पेस, म्हणजे कर्नलवर चालणारे प्रोग्राम, मोडायचं नाही, हा लिनक्सच्या जनकाचा, टोरवाल्ड्सचा नियम माहीत असेलच. ड्रायव्हर मेनलाइनमध्ये (अधिकृत कर्नलमध्ये) गेला की ते चार आयओसीटीएल जन्मभर सांभाळायचे. त्यांच्या स्ट्रक्चरमध्ये एक पॉइंटर किंवा लाँग राहिला (दोन्हींचा आकार ३२ आणि ६४ बिटांत वेगळा), की ३२ बिटी प्रोग्राम ६४ बिटी कर्नलवर चालवताना घाम फुटेल. आयआयओत रॉ (कच्चा आकडा) आणि स्केल (त्याचा गुणक) तयार आहेत, बफर आहे, टाइमस्टॅम्प आहे. उद्या चाकणच्या गिऱ्हाइकाने दुसऱ्या कंपनीचं कार्ड लावलं तरी लिबआयआयओवरचा (आयआयओची सामायिक लायब्ररी) प्रोग्राम चालेल. तुमची लायब्ररी कोण वाचणार?

जुना_थिंकपॅड:
साच्याचं कौतुक जरा बेतानं. २००५ मध्ये कर्नल २.६.१४ मध्ये एचडॅप्स हा ड्रायव्हर आला. लॅपटॉप पडायला लागला की हार्डडिस्क वाचवायची, त्यासाठीचा अ‍ॅक्सेलेरोमीटर. कर्नलमध्ये त्याला जागा कुठे? तर इनपुटमध्ये (कीबोर्ड-माऊसच्या साच्यात), जॉयस्टिक म्हणून! लॅपटॉप तिरका करून गेम खेळता यायचे. मजा आली, पण पडणाऱ्या डिस्कचं आणि जॉयस्टिकचं नातं काय?
दुसरं, १०४-क्वाड-८ हे एन्कोडर कार्ड. आधी आयआयओत घातलं. मग कर्नल ५.२ मध्ये (२०१९) काउंटर सबसिस्टिम आली आणि बाडबिस्तरा तिकडे. त्या काउंटरमध्येही सुरुवातीला नुसत्या सिसएफएसच्या फायली (कर्नलने दाखवलेल्या छोट्या मजकुराच्या). टाइमस्टॅम्पसकट इव्हेंट देणारं कॅरेक्टर डिव्हाइस ५.१६ मध्ये आलं. चुकीचा साचासुद्धा जन्मभर सांभाळावा लागतो, त्याचं काय?

कट्ट्यावरचा_कर्नल:
पण एन्कोडरचे ड्रायव्हर एकत्र आले म्हणूनच नवा साचा सुचला ना? एआय अ‍ॅक्सेलरेटरचं बघा. हबाना या एआय चिपवाल्या कंपनीचा ड्रायव्हर २०१९ मध्ये मिस्कमध्ये (कुठल्याच साच्यात न बसणाऱ्यांच्या कप्प्यात) शिरला, स्वतःचे आयओसीटीएल घेऊन. मागून दुसरे आले. शेवटी २०२३ मध्ये ६.२ ला अ‍ॅक्सेल ही नवी सबसिस्टिम उभी करावी लागली, आणि तिथे डीआरएमची (कर्नलच्या ग्राफिक्स सबसिस्टिमची) अट लागू: युजरस्पेसचा कोडही खुला हवा.

भोसरीचा_बोल्ट:
म्हणजे आधी मिस्क, चार भावंडं जमली की सबसिस्टिम. मी वेगळं काय म्हणतोय?

वायर_आणि_विरोध:
तुमचा वाद चालू द्या. मोटर थांबवणारी लाइन लिनक्सच्या भरवशावर आहे का, ते आधी सांगा. शेड्युलरनं (कुठला प्रोग्राम कधी चालवायचा ते ठरवणाऱ्या भागानं) उशीर केला तर ऑपरेटरची बोटं जातील हो.

भोसरीचा_बोल्ट:
नाही नाही, तुलना एफपीजीएत (कार्डावरच्या स्वतंत्र चिपमध्ये) होते, लाइन तोच ओढतो. ड्रायव्हर फक्त मर्यादा लिहितो.

वायर_आणि_विरोध:
मग सुटलात. मर्यादा आयआयओच्या थ्रेशोल्ड इव्हेंटमध्ये (मर्यादा ओलांडल्याच्या सूचनेत) बसते, जीपीआयओ कशाला? आणि एन्कोडर त्याच आयआयओ डिव्हाइसचा एक चॅनेल करा. भार, कोन, टाइमस्टॅम्प एकाच स्कॅनमध्ये (एका वेळच्या नमुन्यांच्या संचात), एकाच बफरमधून. तीन तुकडे करा असं आयआयओ म्हणत नाही, ते तुमचे सीनियर म्हणतात. यूआयओचा (ड्रायव्हर युजरस्पेसमध्येच लिहायची सोय) मोह मात्र टाळा. २००७ पासून आहे, रजिस्टर मॅप होतात, इंटरप्ट मिळतो, पण डीएमए (कार्डाने थेट मेमरीत लिहिणं) आला की जड जातं.

जुना_थिंकपॅड:
वा! मग त्या क्वाड-८ ला आयआयओतून का हाकललं?

वायर_आणि_विरोध:
त्या कार्डाचं काम मोजणी, दुसरं काही नाही. इथे मोजणी भाराच्या नमुन्यासोबत येते. कार्ड कशासाठी आहे ते बघून घर ठरवायचं, त्यावर कुठली चिप बसवलीय ते बघून नाही.

भोसरीचा_बोल्ट:
एका स्कॅनचं पटतंय. पण एन्कोडरचा इंडेक्स पल्स (दर फेरीला एकदा येणारा ठोका) आणि शून्य लावणं कुठे घालू? आयआयओत त्यासाठी स्वतःची सिसएफएस फाइल जोडली, तर ती फक्त आमच्याच कार्डाला कळणार. मग ती आणि माझा आयओसीटीएल यांत फरक काय राहिला?

कट्ट्यावरचा_कर्नल:
एक फाइल खाजगी आणि अख्खं कार्ड खाजगी, एवढा. पॅच पाठवा, मेंटेनर (कर्नलच्या त्या भागाचे राखणदार) त्या फाइलवरून सोलतीलच. आयओसीटीएलवाला पाठवलात तर पहिलाच प्रश्न येईल, आयआयओ का नाही. त्याचं उत्तर तयार ठेवा.