शब्दचर्चा : 'बॅकग्राउंड'ला पार्श्वभूमी म्हणावे का?

प्रश्न : जुन्या युनिक्स या संगणक प्रणालीवरच्या एका मजकुराचे मराठी करते आहे. फोरग्राउंड, बॅकग्राउंड, सस्पेंड हे शब्द सारखे येतात. पुरोभूमी, पार्श्वभूमी, निलंबित असे लिहिले, पण वाचताना खटकते.

उत्तर : ताई, खटकते ते बरोबरच आहे. आधी ते यंत्र डोळ्यांसमोर आणू. १९८० च्या सुमाराचे टर्मिनल म्हणजे एक कीबोर्ड आणि २४ ओळींचा पडदा. खिडक्या नाहीत. बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सवर 'व्हीआय' या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रामात पत्र लिहिताना मध्येच टपाल बघायची झाली, तर कंट्रोल-झेड दाबायचे. 'स्टॉप्ड' उमटायचे आणि सी-शेलचे, म्हणजे आदेश घेणाऱ्या प्रोग्रामचे, % चिन्ह परत यायचे. टपाल बघून 'एफजी' (फोरग्राउंड) हा आदेश लिहिला, की पत्र सोडले होते तिथून पुढे सुरू. ही सोय जिम कल्प यांनी ऑस्ट्रियातल्या संशोधन संस्थेत असताना केली. त्याआधी आदेशाला & लावून काम मागे, म्हणजे बॅकग्राउंडला, सोडता यायचे, पण पुन्हा पुढे आणता येत नसे.

म्हणून 'निलंबित' नको. त्यात चौकशी आणि ठपका आहे. आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे: तहकूब. तहकूब झालेली सभा राहिलेल्या विषयापासून पुढे चालते; इथेही तेच होते.

'पार्श्वभूमी' चित्राची किंवा घटनेची असते. ती स्थिर असते, तिथे काम चालत नाही.

दुसरे मत : पार्श्वसंगीत चालतेच की! शिवाय पार्श्व म्हणजे मुळात बाजू, कूस. शब्द इतका परका नाही.

उत्तर : मान्य. पण पार्श्वसंगीत मागे म्हणजे मागेच राहते. बॅकग्राउंडमधले काम आपल्या चुकांची यादी तुमच्या पत्रावरही खुशाल छापून जाते. त्याला मनाई आहे ती फक्त कीबोर्डची. वाचायला गेले, की प्रणाली त्याला तिथेच थांबवते. खरा भेद पुढच्या-मागच्या जागेचा नाही, टर्मिनल कोणाच्या ताब्यात आहे याचा आहे. एमआयटीच्या आयटीएस प्रणालीत तर बोलच तसे होते: या कामाला टर्मिनल द्या, त्याला टर्मिनलशिवाय चालू द्या. मला ती भाषा फार स्वच्छ वाटते.

तेव्हा सुटे नाम शोधण्यापेक्षा क्रियापदे घ्या: काम पुढे घेणे, मागे सोडणे, तहकूब करणे. 'बीजी' (बॅकग्राउंड) हा आदेश म्हणजे तहकूब काम मागे चालू करणे.

प्रश्नकर्ती : तहकूब घेतला. 'मागचे काम' मात्र लिहिणार नाही, त्याचा अर्थ 'आधीचे काम' असा होईल. 'मागे चालणारे काम' लिहिते. आता 'नोहप' हा आदेश राहिला. तो 'हँग अप'वरून आला आहे, म्हणजे फोनची लाइन तुटली तरी काम चालू ठेवणे. 'लाइन गेली तरी' असेच ठेवू का?

उत्तर : ठेवा. लाइन जाणे सगळ्यांना कळते.