क्लॅरियन नदीकाठची केबिन: सासू-सासऱ्यांना घेऊन जाऊ का?

प्रश्न (नदीकाठची)

पिट्सबर्गहून लिहितेय. ऑगस्टमध्ये सासू-सासरे इथे असतील. त्यांना घेऊन कुक फॉरेस्ट स्टेट पार्कात तीन रात्री राहायचं मनात आहे. क्लॅरियन नदीच्या वरच्या अंगाला असलेली लाकडी केबिन मिळतेय, पण आत संडास-बाथरूम नाही हे वाचलं आणि थबकले. बाबा रात्री दोनदा तरी उठतात, आईंचे गुडघे दुखतात. लेक नऊ वर्षांची, तिचं मात्र ठरलेलंच आहे. वयस्कर माणसांना घेऊन कुणी राहिलंय का?

रानवाटा

पेन्सिल्व्हेनियाच्या इतर काही स्टेट पार्कांत बाथरूमसकट मॉडर्न केबिन असतात. पण बुकिंग 11 महिने आधी उघडतं, ऑगस्टचं आता मिळणं कठीण. हातातलं सोडू नका.

दिगंत74

ताई, मी आईला घेऊन राहिलोय. तिचं वय तेव्हा 74. मलाही हीच धास्ती होती. तिला विचारलं तर म्हणाली, "अरे, लहानपणी आम्ही परसाकडेच जायचो की!" तेव्हा आधी त्यांनाच विचारा. आपण त्यांच्या वतीने घाबरत बसतो.

तरी सोय हवीच. आम्ही घडीची कमोड खुर्ची नेली आणि कोपऱ्यात दोरीवर चादर टाकून आडोसा केला. पहिल्या दिवशी उजेडातच आईला स्वच्छतागृहापर्यंत दोनदा चालवून आणलं. जमीन उंचसखल आहे, काठी आणि डोक्याला बांधायची बॅटरी हवीच. एवढं करून तिसऱ्या रात्री ती खुर्ची सोडून माझ्याबरोबर बाहेर आली. परतताना वाटेत थांबली. खाली नदीचा आवाज आणि वर इतक्या चांदण्या! आम्ही दहा मिनिटं तसेच उभे होतो. त्या दहा मिनिटांसाठी मी पुन्हा जाईन.

या केबिन 1930च्या दशकात सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअरच्या, म्हणजे मंदीच्या काळात सरकारने कामाला लावलेल्या तरुणांनी बांधल्या. गॅसची शेगडी आणि फ्रिज असतो. भांडी, ताटल्या, चादरी, टॉवेल सगळं घरून न्यायचं. कुकर विसरू नका, आम्ही विसरलो आणि वरण शिजायला दीड तास लागला.

नदीत उतरताना लेकीच्या पायात पट्ट्याच्या चपला हव्यात, गोटे निसरडे असतात. एके काळी खाणी आणि कातडी कमावण्याच्या कारखान्यांनी ही नदी पार नासवली होती. ती इतकी सुधारली की 1996मध्ये तिच्या मोठ्या पट्ट्याला राष्ट्रीय संरक्षण मिळालं. मुलांना हे नदीत पाय सोडून बसल्यावर सांगा.

आईंना फॉरेस्ट कॅथीड्रल नावाच्या जुन्या रानात न्या, पण सावकाश, चढ आहे. तीनशे वर्षांहून जुने हेमलॉक आणि पाइन आहेत तिथे. वणव्यावर नजर ठेवायला बांधलेला 80 फुटी मनोरा, फायर टॉवर, लेकीसाठी.

रानवाटा

जळाऊ लाकूड घरून नेऊ नका, त्यातून झाडांची कीड पसरते, तिथलंच घ्या. खाणं रात्री बाहेर ठेवू नका, अस्वलं आहेत. संध्याकाळी सगळ्यांच्या पायांवर गोचीड बघा.

नदीकाठची

आत्ताच बाबांना फोन केला. म्हणाले, "खुर्ची घे, पण आधी बॅटरी घे." बुकिंग केलं.