एदोच्या तलवारशाळांतून शोगुनविरोधी चळवळीतले इतके तरुण कसे निघाले?

वाटाड्या (प्रश्न):
जपानमधील शोगुनशाहीच्या, म्हणजे सम्राटाच्या नावाने शोगुन हा लष्करी शासक चालवत असलेल्या राजवटीच्या, अखेरच्या काळाविषयी वाचताना एक गोष्ट वारंवार समोर येते. शोगुनच्या विरोधात उभे राहिलेले बरेच सामुराई तरुण एदोतील, म्हणजे आजच्या टोकियोतील, तीन तलवारशाळांत शिकलेले दिसतात : कात्सुरा कोगोरो रेन्पेइकानमध्ये, ताकेची हान्पेइता शिगाकुकानमध्ये आणि कियोकावा हाचिरो गेन्बुकानमध्ये. तोफांच्या जमान्यात तलवारीच्या आखाड्यांत राजकारण शिजले कसे? ते गुरूच शिकवत होते का?

जुनी पाने :
गुरूंच्या शिकवणीपेक्षा त्या जागेचे स्वरूप अधिक महत्त्वाचे होते, असे माझे मत आहे. त्या काळी जपान अडीचशेहून अधिक संस्थानांत विभागलेला होता आणि परवानगीवाचून आपले संस्थान सोडणे हा सामुराईसाठी गुन्हा होता. मात्र तलवारबाजीच्या उच्च शिक्षणासाठी एदोला जाण्याची परवानगी सहसा मिळे, कारण त्या कारणावर कोणाला बोट ठेवता येत नसे. त्यातच बांबूच्या कांबींची तलवार आणि अंगावर चिलखत वापरून पूर्ण जोराने लढण्याची पद्धत रूढ झाल्यामुळे निरनिराळ्या परंपरांचे विद्यार्थी हातपाय न मोडता एकमेकांशी सामने खेळू लागले, आणि एरवी ज्यांची गाठ पडली नसती असे तरुण एका छताखाली आले.

रेन्पेइकानचे उदाहरण पाहावे. तिचे संस्थापक साइतो याकुरो हे एत्चू प्रांतातील शेतकरी घरातले, आणि त्यांना पाठबळ होते ते एगावा हिदेतात्सु या शोगुनच्याच अधिकाऱ्याचे. चोशू संस्थानातून कात्सुरा १८५२ मध्ये तेथे दाखल झाला आणि साधारण वर्षभरातच विद्यार्थ्यांचा प्रमुख बनला. १८५३ मध्ये अमेरिकी नौदल अधिकारी पेरी याची चार जहाजे आली, तेव्हा एदोच्या उपसागरात तोफांचे मोर्चे उभारण्याचे काम एगावांकडे आले. पाहणीसाठी ते किनाऱ्याने फिरले, त्या वेळी साइतोंच्या ओळखीने कात्सुराही त्यांचा सेवक म्हणून बरोबर गेला. किनारा किती उघडा आहे हे या मुलाने कोणाच्या व्याख्यानातून ऐकले नाही, तर सामान वाहता वाहता स्वतः पाहिले.

ओसरी :
विवेचन पटले, परंतु विचारांचा वाटा आपण फारच कमी लेखला आहे. गेन्बुकानचे संस्थापक चिबा शुसाकु यांना मितो संस्थानाचा आश्रय होता, आणि सम्राटाचा सन्मान व परकीयांचा प्रतिकार या विचारांचे माहेरघर मितोच होते. १८६० मध्ये एदो किल्ल्याच्या साकुरादा दरवाजाबाहेर शोगुनचे प्रमुख मंत्री ई नाओसुके यांची हत्या करणाऱ्या अठरा जणांपैकी सतरा जण मितोचेच होते. ताकेचीचे उदाहरण तर आणखी बोलके आहे : १८५६ मध्ये तोसा संस्थानाने त्याला तलवारीच्या शिक्षणासाठी पाठवले, शिगाकुकानमध्ये तो विद्यार्थ्यांचा प्रमुख झाला, आणि १८६१ मध्ये पुन्हा एदोत असताना चोशू व सात्सुमा या संस्थानांच्या तरुणांशी संधान बांधून त्याने तोसाच्या सम्राटनिष्ठांचा पक्ष स्थापन केला. त्यामुळे आखाड्याचा संबंध निव्वळ भेटीगाठींपुरता होता, असे म्हणवत नाही.

वाटाड्या :
दोघांचेही आभार. मग या शाळांतून शिकलेले सगळेच शोगुनविरोधी झाले, असे समजावे का?

जुनी पाने :
मुळीच नाही. ओसरी यांचा मितोविषयीचा मुद्दा मला मान्य आहे, पण तो शाळेपेक्षा तिच्या आश्रयदात्यांना अधिक लागू पडतो. रेन्पेइकानमध्ये जी शिन्दो मुनेन परंपरा शिकवली जाई, तीच एदोतील दुसऱ्या एका आखाड्यात शिकलेला नागाकुरा शिन्पाची शोगुनच्या बाजूने लढणाऱ्या शिन्सेन्गुमी या दलात होता. १८६४ च्या जुलैमध्ये क्योतोतील इकेदाया सराईत जमलेल्या शोगुनविरोधकांवर शिन्सेन्गुमीने छापा घातला, तेव्हा आत शिरलेल्या पहिल्या मोजक्या लोकांत नागाकुरा होता. कात्सुराही त्या रात्री तेथे येऊन गेला होता. पण मंडळी जमलेली नाहीत असे पाहून तो त्सुशिमा संस्थानाच्या वाड्याकडे गेला, असे त्यानेच पुढे सांगितले आहे, आणि म्हणून तो वाचला. एदोतील इतक्या नामांकित शाळेचा हा प्रमुख विद्यार्थी पुढे ‘पळपुटा कोगोरो’ म्हणून ओळखला गेला. १८६६ मध्ये चोशू आणि सात्सुमा यांच्यातील करार चोशूच्या वतीने त्यानेच केला, तोही तलवार न उपसता.