मदत हवी आहे: युनियनमधल्या स्ट्रक्चरचं पॅडिंग कसं हाताळावं?

नमस्कार मंडळी,

सेन्सरकडून सिरियल पोर्टवर 5 बाइटचं पॅकेट येतं: पहिला बाइट पॅकेटचा प्रकार, पुढचे 4 म्हणजे 32 बिटांचं रीडिंग. सी मध्ये त्यासाठी युनियन (एकच मेमरी वेगवेगळ्या रूपांत वाचू देणारी रचना) केली आहे. एकीकडे 5 बाइटचा अॅरे, दुसरीकडे निनावी स्ट्रक्चर (सी11 पासून चालतं). अॅरेत बाइट भरायचे आणि स्ट्रक्चरमधून नावाने वाचायचे. प्रकारानुसार पुढे अशी आणखी स्ट्रक्चर्स येणार आहेत, म्हणून ही रचना मला मनापासून आवडते.

अडचण अशी की साइझऑफ (आकार सांगणारा ऑपरेटर) 8 दाखवतो. कंपायलर पहिल्या बाइटनंतर 3 बाइटचं पॅडिंग (रिकामी भर) घालतो, त्यामुळे रीडिंग 1 ऐवजी 4 या ऑफसेटला सुरू होतं. पॅकेटचा फक्त शेवटचा बाइट रीडिंगच्या जागेत पडतो, बाकी कचरा.

जीसीसी कंपायलरचं पॅक्ड अॅट्रिब्यूट (पॅडिंग घालू नको अशी सूचना) लावलं की आकार 5 होतो आणि लॅपटॉपवर आकडे बरोबर येतात. पण कोड कॉर्टेक्स-एम0 या छोट्या प्रोसेसरवर न्यायचा आहे. तिथे 4 ने भाग न जाणाऱ्या पत्त्यावरून 32 बिट एकदम वाचले तर हार्ड फॉल्ट (प्रोसेसरची गंभीर चूक) येतो. सदस्य नावाने वाचला तर कंपायलर बाइट-बाइट उचलतो, हे ठीक. मला मात्र त्याचा पॉइंटर लायब्ररीतल्या फंक्शनला द्यावा लागतो, आणि ते साधा 32 बिटी पॉइंटर मागतं.

अशा वेळी मेमकॉपीने (बाइट जसेच्या तसे उतरवणारं फंक्शन) स्थानिक व्हेरिएबलमध्ये घेऊन त्याचा पत्ता देणं हाच सुरक्षित मार्ग का? उद्या बिग एंडियन (सर्वात मोठ्या किमतीचा बाइट आधी पाठवणारा) सेन्सर जोडला तर युनियन सोडून सरळ बाइट शिफ्ट करून (सरकवून) आकडा जुळवावा का? फर्मवेअरमध्ये रोज काम करणाऱ्यांनी कृपया सांगावं.