हॉस्टेलची खोली: सोबती चिठ्ठीने द्या, पण कॉट मोजून टाका

खाडीपट्टा (धागाकर्ता)

पंधरा दिवसांपूर्वी भाच्याला किनाऱ्यावरच्या एका कॉलेजच्या हॉस्टेलला सोडून आलो. पहिलं वर्ष. कॉलेजचं नाव घेत नाही. खोल्यांची यादी फी भरल्याच्या पावतीच्या क्रमाने लावलेली. त्यामुळे झालं असं, की सकाळच्या पहिल्या एसटीने उतरून एकामागोमाग रांगेत उभे राहिलेले तिघे एकाच शाळेतले, ते एकाच खोलीत. त्यातला एक आमचा. आणि संध्याकाळी पोचलेला जालन्याचा मुलगा शेवटच्या खोलीत एकटा, दोन रिकाम्या कॉटांकडे बघत बसलेला.

मी सुतारकाम करतो, खिशात टेप असतोच. खोली बारा फूट बाय दहा, म्हणजे १२० चौरस फूट. कॉट सव्वासहा बाय तीन. तीन कॉटांनी ५६ फूट खाल्ले. तीन बाय दोनची तीन टेबलं, १८. तीन बाय दीडची तीन कपाटं, साडेतेरा. उरले ३२. त्यात दार आत उघडतं, त्याच्या फिरण्याचे सात वजा करा. राहिलेल्या पंचवीस फुटांत तीन खुर्च्या, तीन बॅगा, छत्र्या, चपला आणि तीन वाढती पोरं. खोली मुळात दोघांसाठी बांधलेली आहे हे प्लग पॉइंट दोनच आहेत त्यावरून कळतं.

राष्ट्रीय इमारत संहितेत हॉस्टेलच्या एकट्याच्या खोलीला किमान साडेसात चौरस मीटर धरलेत, म्हणजे ८० चौरस फूट. तिघांच्या खोलीला हाच हिशेब लागत नाही, कबूल. पण इथे माणशी ४० येतात.

माझं म्हणणं एवढंच: सोबती कोण हे खुशाल नशिबावर सोडा, चिठ्ठ्या काढा. पण खोलीत माणसं किती आणि कॉट कुठल्या भिंतीला, हे नशिबावर नको.

माजी_रेक्टर

अकरा वर्षं हे काम केलंय, म्हणून लिहितो. पावतीचा क्रम लावला की कुणाला बोट दाखवायला जागा राहत नाही. चिठ्ठ्या एक वर्ष काढून बघितल्या. दुसऱ्या दिवशी चार पालक दारात, "चिठ्ठी वाकवली". त्यातल्या एकाने सरपंचांना सोबत आणलं होतं.

आता तिघांचं. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम सांगतात की शक्य असेल तिथे पहिल्या वर्षाला वेगळ्या इमारतीत ठेवा. नियम योग्यच आहे. पण इमारती दोनच असल्या की पहिलं वर्ष एका इमारतीत कोंबावं लागतं आणि दुसरीकडे सीनियरांच्या खोल्यांत कॉट मोकळ्या राहतात. तिकडे नवा मुलगा टाकला आणि काही झालं तर जबाबदार कोण? तुमच्या भाच्याला मोठी खोली हवी की निवांत झोप?

खाडीपट्टा

सर, दोन्ही हवं. तुमची अडचण खरी आहे, पण त्याच नियमात असंही आहे की वेगळी इमारत नसेल तर सीनियरांच्या येण्याजाण्यावर वॉर्डनने बारीक लक्ष ठेवावं. दुसऱ्या इमारतीचा एक मजला वेगळा काढून पहिल्या वर्षाला दिला, जिन्याला जाळीचं दार लावलं, की झालं. ते दार मी मजुरी न घेता बसवून देतो.

चिपळूणची_आई

चिठ्ठीला माझा ठाम विरोध. मुलगी पहिल्यांदा घराबाहेर राहणार. तिची दहावीपासूनची मैत्रीण त्याच कॉलेजात, दोघींनी एक खोली मागितली तर त्यात काय बिघडलं? रात्री ताप आला तर अनोळखी मुलगी उठवेल का? तुम्ही पुरुष मंडळी कॉट मोजत बसा, आम्हाला कॉटवर कोण झोपणार त्याची काळजी असते.

घाटावरून_खाली

ताई, मी पंढरपूरकडचा. घर माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही. मला चिठ्ठीने मिळाले दोघे गुहागर तालुक्यातले. पहिल्याच रविवारी एकाच्या घरून सुक्या जवळ्याच्या चटणीची बरणी आली. झाकण उघडलं आणि मी व्हरांड्यात. तीन दिवस बोललो नाही. मग आमचं ठरलं: बरणी खिडकीबाहेरच्या कोनाड्यात, खायचं ते मेसमध्ये नेऊन. मला रात्री दोनला ताप भरला तेव्हा पावसात रिक्षा शोधायला तोच बरणीवाला गेला होता. आणि गणपतीत हे दोघे गावी निघाले तर मला एकट्याला मागे ठेवेनात. आरत्या सगळ्या पाठ झाल्या त्या पाच दिवसांत.

ओळखीच्याच मुलांबरोबर राहिलो असतो तर चार वर्षं समुद्राला नावं ठेवत काढली असती.

चिपळूणची_आई

तुम्हाला चांगले भेटले. न भेटलेले इथे लिहायला येत नाहीत.

सावंतवाडीचो_बाबू

खोली मोजलास, माणसां मोजलास. पण पावसात कपडे खंय सुकत घालतले ता कोण सांगूक नाय! आमच्या खोलीत रशी खिडकीपास्ना दारापर्यंत. ओली पँट थेट अभ्यासाच्या वहीर.

खाडीपट्टा

बाबूने नेमकं बोट ठेवलं. हॉस्टेलच्या फर्निचरचे नकाशे काढणाऱ्यांना कोकणातला पाऊस ठाऊक नसावा अशी मला दाट शंका आहे. रत्नागिरीला पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि वारा नैर्ऋत्येचा. म्हणजे झड खाते दक्षिणेची आणि पश्चिमेची भिंत. जुनी इमारत जांभ्याची असली तर चिरा पाणी पितो, आतून गिलावा फुगतो, पोपडे निघतात. आणि आमच्या तिघांची कपाटं नेमकी त्याच भिंतीला चिकटवलेली! प्लायवुडची. आठ दिवसांत दारं फुगून बसली, आत चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी. कॉट लोखंडी, खाऱ्या हवेत पायांना गंज, चादरीला तांबडे डाग.

मी काय केलं ते सांगतो. कपाटं आतल्या भिंतीला नेली, मागे चार बोटं जागा सोडली, खाली विटा दिल्या. दोन कॉट काटकोनात लावल्या, तिसरी दाराच्या मागच्या बाजूला. दक्षिणेच्या भिंतीला फक्त टेबलं, तीही वीतभर सोडून. दोरी व्हरांड्यात. चार तास गेले.

चौथ्या_मजल्यावर

काका, मग डबल डेकर कॉट का नको? एका कॉटची जागा सरळ वाचते, तुमचे पंचवीस फूट चाळिशीपार जातील.

खाडीपट्टा

जातील, पण पंखा बघा. छत नऊ फुटांवर असेल तर पंख्याची पाती साधारण आठ फुटांवर फिरतात. वरची कॉट पाच फुटांवर. पोरगा उठून बसला की डोकं आठ फुटांवर. खोली लहान, पंखा मधोमध, हात आळोखेपिळोखे द्यायला वर गेला की संपलं. साडेदहा-अकरा फूट छत असेल तर मी स्वतः डबल डेकर करून देईन, सागाची नको, लोखंडीच, पण रंगाआधी गंजरोधक हात मारून. शिवाय मच्छरदाणी खालच्याला सोपी, वरच्याला दोऱ्या बांधायच्या कुठे?

माजी_रेक्टर

सामान हलवायला परवानगी घेतली होती का? आमच्याकडे कॉट हलवली की दंड होता. कारण हलवताना फरशी फुटते, भिंतीत खिळे ठोकतात, आणि वर्षाच्या शेवटी मोडकं टेबल कुणाचं यावर भांडण.

खाडीपट्टा

नव्हती घेतली. खिळा एकही ठोकला नाही.

चिपळूणची_आई

सर, दंड ठेवा. पण ओल्या भिंतीला कपाट लावणाऱ्यालाही ठेवा. इथे मी काकांच्या बाजूने. चिठ्ठीचं मात्र अजूनही पटलेलं नाही; एक मैत्रीण मागू द्या, तिसरी चिठ्ठीने द्या, असं का होत नाही?

घाटावरून_खाली

दोन मैत्रिणी आणि तिसरी चिठ्ठीची. ती तिसरी मुलगी माझी बहीण असेल तर मी नाही म्हणेन. बाहेर जाऊन रडेल ती.

चिपळूणची_आई

हा मुद्दा मनात आला नव्हता. मग दोघींच्या खोल्या दोघींनाच द्या म्हणजे प्रश्न मिटला.

खाडीपट्टा

मी तेच पहिल्यापासून सांगतोय, ताई.

माजी_रेक्टर

आणि उरलेल्या मुली कुठे ठेवू ते पण लिहा.

खाडीपट्टा

सीनियरांच्या इमारतीतल्या मोकळ्या कॉट किती, तेवढा आकडा आधी काढा. जाळीच्या दाराचं माप घ्यायला मी पुढच्या शनिवारी येतो. आत्ताच भाच्याचा फोन आला होता: जालन्याचा मुलगा गादी घेऊन त्यांच्याच खोलीत झोपायला येतो म्हणे, एकट्याला करमत नाही. म्हणजे बारा बाय दहात आता चौघे.